एका अक्षराची चूक

बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य हा मानवी जीवनाचा क्रम निसर्गाने घालून दिलेला आहे. आंब्याला प्रथम मोहोर येतो, मग कैरी धरते, आणि वैशाखाच्या उन्हात ती पाडाला लागते. मोहोर फुलतो न फुलतो तोच फळ पिकले, असे कोणी पाहिलेले नाही. मनुष्याच्या देहाचेही तसेच आहे. केस विरळ होणे, त्वचा सुरकुतणे, सांधे आखडणे, हृदय थकणे ही आपण आजोबा-आजींच्या वयाची लक्षणे समजतो, आणि ती त्या वयातच दिसावीत अशी आपली सहज अपेक्षा असते. परंतु या जगात काही थोडी बालके अशीही जन्मास येतात, की ज्यांच्या देहात हा क्रम ढळलेला असतो. ज्या वयात इतर मुले अंगणात विटीदांडू खेळतात, त्या वयात या बालकांच्या शरीराला वार्धक्याने गाठलेले असते.

या व्याधीला वैद्यकशास्त्रात ‘प्रोजेरिया’ असे नाव आहे. ग्रीक भाषेत ‘प्रो’ म्हणजे आधी आणि ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण. ‘वेळेआधी आलेले म्हातारपण’ असा या नावाचा अर्थ होतो. ही व्याधी अत्यंत विरळ आहे. सुमारे चाळीस लाख जन्मांमागे एखाद्याच बालकाला ती होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यामुळे एखादा वैद्य जन्मभर रुग्णसेवा करीत राहिला, तरी असा एकही रुग्ण त्याच्या दृष्टीस पडणार नाही, असा संभव अधिक.

प्रोजेरिया झालेले बालक जन्मतः इतर बालकांसारखेच दिसते. आईबापांना कसलीही शंका येत नाही. पहिले वर्ष सरू लागते, तसे मात्र काही वेगळे दिसू लागते. बालक अन्न घेते, हसते, बोबडे बोलू लागते. परंतु त्याचे वजन वाढत नाही आणि उंचीही खुंटते. हळूहळू डोक्यावरचे केस गळतात, भुवया आणि पापण्याही विरळ होतात. त्वचेखालील मेद नाहीसा झाल्यामुळे त्वचा पातळ व ताठर दिसते आणि मस्तकावरील निळ्या शिरा स्पष्ट उमटतात. चेहऱ्याच्या मानाने जबडा लहान राहतो, दात उशिरा व दाटीने येतात, आवाज बारीक राहतो. सांधे आखडल्यामुळे चालण्यात अवघडलेपणा येतो. मोठेपणीही या मुलांची उंची सामान्यतः एक मीटरच्या आसपासच राहते.

ही सारी बाहेरून दिसणारी लक्षणे झाली. खरा धोका आत असतो. हृदयापासून सर्व अंगाला रक्त पोहोचवणाऱ्या रोहिण्या या मुलांच्या देहात कठीण व अरुंद होत जातात. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला जो हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यावा, तो या मुलांना कोवळ्या वयातच येऊ शकतो. औषधोपचार न मिळाल्यास त्यांचे आयुष्य सरासरीने साडेचौदा वर्षांचे असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या मुलांचा देह वृद्धासारखा दिसत असला, तरी त्यांची बुद्धी वृद्ध होत नाही. म्हातारपणी काही माणसांना येणारा विसरभोळेपणा, डोळ्यांत वाढणारा मोतीबिंदू यांचा उपद्रव या मुलांना होत नाही. त्यांची समज, त्यांचे कुतूहल, त्यांचे रुसवेफुगवे, खोड्या आणि हट्ट हे सर्व त्यांच्या वयाला साजेसेच असते. दहा वर्षांचे मूल हे मनाने दहा वर्षांचेच असते. वार्धक्य येते ते त्याच्या रक्तवाहिन्यांना, त्वचेला आणि हाडांना. त्याच्या मनाला नव्हे. या मुलांकडे पाहताना लोक जी चूक करतात, ती बहुधा ही गोष्ट विसरल्यामुळेच करतात.

या व्याधीची वैद्यकीय नोंद प्रथम इंग्लंडमध्ये झाली. लंडन येथील विख्यात शस्त्रवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली अशा एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे रेडिंग या गावचे वैद्य हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी या व्याधीचा अधिक बारकाईने अभ्यास केला, आणि १९०४ साली तिला ‘प्रोजेरिया’ हे नाव दिले. या दोघांच्या स्मरणार्थ आज ही व्याधी ‘हचिन्सन-गिलफर्ड प्रोजेरिया’ या नावाने ओळखली जाते.

नाव मिळाले, लक्षणांची यादी झाली. परंतु कारण मात्र अंधारातच राहिले. जवळजवळ शंभर वर्षे हीच स्थिती होती. याचे कारण उघड आहे. ज्या रोगाने लाखो लोक पीडित असतात, त्याच्या संशोधनाकडे जगाचे लक्ष वेधते. त्यासाठी प्रयोगशाळा उभ्या राहतात, द्रव्य खर्च होते. परंतु जो रोग चाळीस लाखांत एकालाच होतो, त्याची चौकशी कोण करणार? वैद्य मुलाला तपासत, दुर्मिळ व्याधी म्हणून तिची नोंद करीत, आणि आईबापांना सांगत की यावर उपाय नाही. बिचारे आईबाप मूल घेऊन घरी परतत.

ही कोंडी फुटली ती अमेरिकेतील एका कुटुंबामुळे. लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स हे पतिपत्नी दोघेही वैद्यकीय व्यवसायातले. त्यांचा मुलगा सॅम हा १९९६ साली जन्मास आला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा १९९८ साली त्याला प्रोजेरिया असल्याचे निदान झाले. वैद्य असूनही या आईबापांना पुत्रासाठी करता येण्यासारखे काहीच नव्हते. कारण या व्याधीवर ना औषध होते, ना चाचणी, ना संशोधन करणारी एखादी संस्था. दुसरे कोणी असते, तर दैवाला दोष देऊन स्वस्थ बसले असते. या दांपत्याने निराळा मार्ग धरला. जे अस्तित्वात नाही, ते आपणच उभे करायचे, असा त्यांनी निश्चय केला. आप्तमित्रांच्या साहाय्याने १९९९ साली त्यांनी ‘प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. जगाच्या पाठीवर विखुरलेल्या अशा मुलांचा शोध घेणे, त्यांच्या पेशींचे नमुने जतन करून ते संशोधकांना पुरवणे आणि त्या कामी पैसा उभा करणे हे कार्य संस्थेने अंगावर घेतले. लेस्ली गॉर्डन यांनी तर आपले सर्व आयुष्यच या संशोधनाला वाहिले.

या प्रयत्नांना लवकरच फळ आले. २००३ साली, म्हणजे हचिन्सन यांच्या नोंदीनंतर ११७ वर्षांनी, या व्याधीचे मूळ सापडले. अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी, आणि त्याच सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथील निकोला लेव्ही यांच्या चमूने, स्वतंत्रपणे एकच उत्तर शोधून काढले. ते उत्तर समजून घेण्यासाठी आपल्याला देहाच्या अगदी अंतरंगात उतरले पाहिजे.

आपला देह कोट्यवधी सूक्ष्म पेशींचा बनलेला आहे. बहुतेक प्रत्येक पेशीच्या मध्यभागी एक केंद्रक असते. देह कसा घडवावा याविषयीच्या सर्व सूचना या केंद्रकात जणू एका ग्रंथाच्या रूपाने साठवलेल्या असतात. या ग्रंथाचे नाव डीएनए. हा ग्रंथ केवळ चारच अक्षरांत लिहिलेला आहे. ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरे. मात्र त्या अक्षरांची एकूण संख्या तीनशे कोटींच्या घरात जाते. या अफाट ग्रंथातील एकेका प्रकरणाला जनुक म्हणतात. प्रत्येक जनुकात सामान्यतः एखादे प्रथिन कसे तयार करावे याची कृती लिहिलेली असते.

प्रोजेरियाच्या मुलांत ‘एलएमएनए’ नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेले असते. जेथे ‘सी’ हवा, तेथे ‘टी’ पडलेला असतो. तीनशे कोटी अक्षरांतील हे एकच अक्षर!

एका अक्षराने केवढा अनर्थ होतो, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. ती खरी की खोटी, हा इतिहासकारांचा प्रश्न होय. परंतु त्यातील मर्म आपल्या भाषेत कायमचे रुजले आहे. शाई तीच, कागद तोच, बाकीचा मजकूरही तोच. एक अक्षर पालटले, आणि प्राण घेणारी आज्ञा निर्माण झाली.

प्रोजेरियातही असेच काहीसे घडते. फक्त येथे अक्षर पालटणारा कोणी कारस्थानी नसतो. ‘एलएमएनए’ या जनुकातील सूचनेवरून पेशीत ‘लॅमिन ए’ नावाचे प्रथिन तयार होते. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणे हे त्याचे एक महत्त्वाचे काम. शाकारलेल्या छपराला वासे जसे सावरून धरतात, तसे हे प्रथिन केंद्रकाचा आकार सावरून धरते. हे प्रथिन तयार होत असता प्रथम त्याच्या शेपटाला मेदासारख्या पदार्थाचा एक आकडा लावला जातो. त्या आकड्याच्या योगाने ते केंद्रकाच्या आवरणाला जाऊन चिकटते. काम होताच पेशीतील एक विकर कात्रीप्रमाणे ते शेपूट आकड्यासकट कापून टाकते, आणि प्रथिन मोकळे होऊन आपल्या योग्य जागी बसते.

जनुकातील ते एक अक्षर बदलले, की पेशीला सूचना वाचताना भलत्याच ठिकाणी तोडण्याची खूण दिसते. त्यामुळे मजकुराचा एक तुकडा गळतो आणि ६६४ घटकांच्या प्रथिनातील ५० घटक नाहीसे होतात. दुर्दैव असे, की कात्री जेथे चालायची ती जागा याच गळलेल्या तुकड्यात असते. परिणामी शेपूट कापलेच जात नाही, आकडा सुटत नाही, आणि ते सदोष प्रथिन केंद्रकाच्या आवरणाला कायमचे चिकटून राहते. या सदोष प्रथिनाला ‘प्रोजेरिन’ असे नाव दिले आहे. प्रोजेरिन साचत गेले, की गोल गुळगुळीत असावयाचे केंद्रक वेडेवाकडे व फुगवट्यांचे होते, पेशी दुबळी होते आणि लवकर मरते. रोहिण्यांच्या भिंतींतील पेशींवर रक्ताच्या प्रत्येक लाटेचा ताण पडत असल्यामुळे त्यांना याचा उपद्रव सर्वाधिक होतो.

या शोधाने आणखी एक मोठे काम केले. ही अक्षराची चूक बहुधा नव्यानेच घडलेली असते. ती आईबापांच्या देहात वावरत नसते, घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली नसते. ही व्याधी संसर्गजन्य तर मुळीच नाही. या मुलाच्या शेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने, त्याचा हात हाती घेतल्याने कोणालाही काही होत नाही. तसेच गर्भारपणी आईने काही खाल्ले, ग्रहणात बाहेर पाऊल टाकले, कोणाची दृष्ट लागली किंवा पूर्वजन्मीचे पाप भोवले, अशा ज्या कल्पना लोकांच्या तोंडी येतात, त्यांत यत्किंचितही तथ्य नाही. लिहिताना एखाद्या वेळी हातून अक्षर चुकावे, तशीच ही निसर्गाच्या लेखनातील चूक आहे. तिच्याबद्दल दोषी असा कोणीही नाही. आपल्या मुलाच्या दुःखाला आपणच कारण झालो की काय, या विचाराने रात्रंदिवस जळणाऱ्या मातांना विज्ञानाने दिलेला हा दिलासा औषधाइतकाच मोलाचा आहे.

कारण सापडल्यावर उपायाची दिशा दिसू लागली. प्रथिनाला तो मेदाचा आकडा लागूच दिला नाही, तर ते आवरणाला चिकटणार नाही, असा तर्क संशोधकांनी केला. आकडा लावण्याची ही क्रिया रोखणारे ‘लोनाफार्निब’ नावाचे एक द्रव्य आधीच तयार होते. ते मूळचे कर्करोगासाठी शोधलेले. तेथे त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. एका कामी निरुपयोगी ठरलेले हे औषध दुसऱ्या कामी उपयोगी पडले. २००७ साली बोस्टन येथील बालरुग्णालयात त्याची चाचणी सुरू झाली. सोळा देशांतील अठ्ठावीस बालके आपापल्या आईबापांसह तेथे आली. त्यांच्या भाषा भिन्न, वेष भिन्न, अन्न भिन्न. परंतु चेहरेमोहरे असे सारखे, की जणू ती एकाच मातेची लेकरे. औषध घेताना मुलांना उलट्या होत, पोट बिघडे. तरीही ती नेटाने औषध घेत राहिली. सॅमही त्या मुलांत होता.

चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांचे वजन वाढू लागले होते. रक्तवाहिन्यांचा कठीणपणाही काही अंशी कमी झाला होता. पुढे अधिक काळ निरीक्षण केल्यावर या औषधाने आयुष्य वाढते, असेही दिसून आले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. अकरा वर्षांपर्यंतच्या निरीक्षणात या औषधाने मुलांचे आयुष्य सरासरीने सुमारे अडीच वर्षांनी वाढल्याचे आढळले. अडीच वर्षे म्हणजे फार नव्हेत, असे एखाद्याला वाटेल. परंतु ज्याच्या वाट्याला साडेचौदाच वर्षे आली, त्याच्या दृष्टीने पाहा. पाचवीच्या वर्गात पाऊल टाकल्यापासून सातवीचे निम्मे वर्ष संपेपर्यंत तुम्ही जे जे शिकलात, जितके खेळलात, जितके मित्र जोडलेत, तितके सगळे त्या अडीच वर्षांत मावते.

संशोधन तेथेच थांबलेले नाही. सदोष अक्षरच दुरुस्त करता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. डेव्हिड लिऊ या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोजेरिया असलेल्या उंदरांवर हा प्रयोग केला आणि २०२१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकाच वेळी टोचलेल्या औषधाने त्यांनी अनेक पेशींतील ते चुकीचे अक्षर पालटून मूळचे केले. त्यामुळे सामान्यतः २१५ दिवस जगणारे हे उंदीर ५१० दिवसांपर्यंत जगले. उंदरात साधले ते माणसात साधेलच असे नाही. तथापि, चूक कोठे आहे हे कळणे आणि ती दुरुस्त करता येते हे दिसणे, या दोन्ही पायऱ्या विज्ञानाने चढल्या आहेत.

मूठभर मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तरही या कथेतच आहे. हे प्रोजेरिन अल्प प्रमाणात निरोगी माणसांच्या पेशींतही तयार होते, असे पुढे आढळून आले. म्हणजे या मुलांच्या देहात जे वेगाने घडते, त्याचा काही अंश आपल्या सर्वांच्या देहात मंदगतीने घडत असावा. माणूस म्हातारा का होतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या कठीण का होतात, या प्राचीन प्रश्नांवर या दुर्मिळ मुलांमुळे प्रकाश पडत आहे. परंतु हा लाभ झाला नसता, तरी ते संशोधन योग्यच ठरले असते. संख्येने थोडे म्हणून कोणाचे दुःख लहान होत नाही.

आता ज्याच्यामुळे ही चक्रे फिरू लागली, त्या सॅमची थोडी ओळख करून घेऊ. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉक्सबरो या गावी तो शाळेत जात असे. अभ्यासात तो हुशार होता आणि जीवशास्त्राकडे त्याचा विशेष ओढा होता. त्याच्या शाळेचे एक वाद्यपथक होते. आपल्याकडे मिरवणुकीत जसा ताशा गळ्यात अडकवून वाजवतात, तसे त्या पथकातील विद्यार्थी ड्रम अंगावर बांधून, पावले टाकीत तो वाजवतात. सॅमलाही त्या पथकात वाजवायचे होते. अडचण अशी, की ड्रम आणि तो अंगावर पेलण्याची चौकट मिळून वजन होई सुमारे अठरा किलोग्रॅम, आणि सॅमचे स्वतःचे वजन होते अवघे साडेबावीस किलोग्रॅमच्या आसपास!

अशा वेळी ‘तुला हे जमणार नाही’ असे सांगणे सर्वांत सोपे होते. सॅमच्या घरच्यांनी तसे केले नाही. एका अभियंत्याची मदत घेऊन त्यांनी त्याच्यासाठी निराळे साधन बनवून घेतले. त्याचे वजन तीन किलोग्रॅमहूनही कमी भरले. आणि एके दिवशी सामन्याच्या मध्यंतरात, भरल्या मैदानावर, सॅम आपल्या पथकाबरोबर पाऊल मिळवून ड्रम वाजवीत चालला.

२०१३ साली सॅमने एका सभेत भाषण केले. ते पुढे जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकले. आपण सुखी कसे राहतो, हे त्याने त्यात सांगितले. जे करता येत नाही, त्याचा खेद न करता जे करता येते त्याकडे लक्ष द्यावे. ज्यांच्या संगतीत आनंद वाटतो, अशा माणसांत राहावे. आणि नेहमी पुढच्या काही चांगल्या गोष्टीकडे दृष्टी ठेवून चालत राहावे, असे त्याचे साधे नियम होते. आपल्यावरील माहितीपटातही त्याने असेच स्पष्ट बजावले होते, की लोकांनी आपली कीव करावी अशी आपली इच्छा नाही. आपण कोण आहोत हे त्यांनी जाणून घ्यावे, इतकेच. १० जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, सॅमचे निधन झाले.

आपल्या देशातही अशी मुले आढळली आहेत. २००९ साली ‘पा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन यांनी प्रोजेरिया झालेल्या बारा वर्षांच्या मुलाची भूमिका केली, आणि त्यामुळे या व्याधीचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. मात्र नाव ठाऊक असणे निराळे आणि अशा मुलाशी माणुसकीने वागता येणे निराळे. अशी मुले रस्त्यातून जाऊ लागली, की लोक थांबून टक लावून पाहतात. कोणी हसतात, कोणी हात जोडतात, कोणी हळहळ व्यक्त करतात. हसणे तर क्रूरपणाच. परंतु हात जोडणे आणि हळहळणे यांतही त्या मुलाला त्याचे बालपण मिळत नाही. त्याला हवा असतो खेळात भिडू म्हणून घेणारा, गृहपाठाची वही मागणारा, प्रसंगी त्याच्याशी भांडणारा आणि पुन्हा बट्टी करणारा एक मित्र.

विद्यार्थीमित्रहो, प्रोजेरियाचे मूल तुम्हांला कदाचित जन्मात भेटणार नाही. परंतु उंचीने खुजा, पायाने अधू, वाणीने अडखळणारा, चेहऱ्याने निराळा असा एखादा सोबती तुमच्या वर्गात किंवा तुमच्या आळीत असू शकेल. देहाच्या ग्रंथातील अक्षर दुरुस्त करणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे आणि ते आपल्या प्रयोगशाळांत ते करीत आहेत. पण त्या सोबत्याचा ड्रम किती जड आहे हे पाहणे, आणि तो हलका करण्यास हात लावणे, हे तुम्हांला आजच करता येण्यासारखे आहे.

स्वाध्याय

१. प्रोजेरियाची लक्षणे कोणती? या मुलांच्या देहाच्या व मनाच्या अवस्थेत कोणता फरक आढळतो?

२. जवळजवळ शंभर वर्षे या व्याधीचे कारण अज्ञात का राहिले? ही कोंडी कोणी व कशी फोडली?

३. ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचारामागील आख्यायिका सांगा. लेखात तिचा उपयोग कशासाठी केला आहे?

४. कारणे द्या :
(अ) प्रोजेरिन केंद्रकाच्या आवरणाला कायमचे चिकटून राहते.
(आ) २००३ सालच्या शोधामुळे आईबापांनाही दिलासा मिळाला.
(इ) सॅमसाठी निराळे साधन बनवून घ्यावे लागले.

५. ‘संख्येने थोडे म्हणून कोणाचे दुःख लहान होत नाही.’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

६. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : अंगावर घेणे, दैवाला दोष देणे, प्रकाश पडणे, टक लावून पाहणे, बट्टी करणे.

७. ‘कीव’ आणि ‘सहानुभूती’ या दोन शब्दांतील भेद उदाहरणे देऊन स्पष्ट करा.